वरातीतल्या ट्रम्पेटची गुरुपरंपरा

अंबाजोगाईत गुरुपरंपरा सांगणाऱ्यांची वानवा नाही. मुकुंदराजांचं नाव काढायचा अवकाश, कुणीतरी रघुनाथ, हरिनाथ अशा पायऱ्या चढत थेट आदिनाथापर्यंत पोचतं. दासोपंतांचा विषय निघाला तर पासोडीचा धागा न् धागा उलगडून सांगणारे भेटतात. पण वैशाखात त्याच गावातून रोज संध्याकाळी वरात जाते. तिच्या पुढं एक जण गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत असतो. तो कुणाचा चेला, त्याचं हे वळण कुठून आलं, असं त्याला कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. वाजंत्र्याला कोण विचारतो! ‘वाजव रे’ एवढंच त्याला सांगायचं असतं.

विचारलं तर परंपरा निघते, आणि ती चांगली लांबलचक निघते. केजच्या रस्त्यावर ‘भोली सूरत’ वाजवणाऱ्या माणसापासून मागं चालत गेलं, तर वाटेत दादर लागतं, धोबी तलाव लागतो, बार्देशातलं हळदोणे गाव लागतं, अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल लागतं आणि शेवटी आपण १९१३ सालच्या न्यू यॉर्कमध्ये, व्हिक्टर कंपनीच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन उभे राहतो. या वाटेवरची बरीचशी माणसं दुसऱ्यांच्या मेजवान्यांत वाजवून पोट भरणारी आहेत.

आधी हा बँड जवळून बघून घेऊ. बीड जिल्ह्यात लग्नाची खरी झुंबड उडते ती ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्यावर. गाव पुन्हा भरतं, हातात थोडाफार पैसा असतो, मुकादमाची पुढची उचल अजून लांब असते. त्या दोन-अडीच महिन्यांत बँडवाल्यांना सुपाऱ्यांवर सुपाऱ्या असतात. लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र चपला. क्लॅरोनेटवाला गाण्याचे शब्द ‘गातो’, म्हणजे मुखडा-अंतरा त्याच्याकडे. दोन कडव्यांच्या मधला जो पीस असतो, तिथं ट्रम्पेट पुढं येतो. युफोनियम खालून घुमतं, साइड ड्रम आणि ढोल चाल धरून ठेवतात आणि सगळ्यांत पुढं एक पोरगं दोन्ही हातांत खुळखुळे घेऊन नाचत असतं. ट्रम्पेट हातात घेऊन बघितला तर भोंग्याच्या कडेला पोचे, नळीला दोन ठिकाणी डाग दिलेला, तीन बटणांपैकी मधलं जरा अडखळतं. गाणं संपलं की वाजवणारा खालची चावी दाबून नळीत साठलेलं पाणी रस्त्यावर झटकून टाकतो. अशी वाद्यं बहुतेक मेरठच्या जाली कोठी बाजारातून येतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. सुरुवात पलटणींसाठीच्या बँडपासून आणि आता देशभरातल्या वराती तिच्या गिऱ्हाइकांत.

पलटणीचा धागा इथंही आहे. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद, आणि मोमिनाबादेत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ म्हटलं की उठायला, खोगीर चढवायला, धावायला, थांबायला रणशिंगाचा इशारा आलाच. म्हणजे पितळेच्या नळीतून निघणारा आवाज या भागाच्या कानाला काही सिनेमानं पहिल्यांदा ऐकवला नाही. पण गावचं लग्न लागायचं ते हलगी, सनई आणि संबळावर. ती वाजवायची मातंग आणि होलार समाजातल्या माणसांनी. लग्नाला ती हवीतच, आणि पंगतीला मात्र सगळ्यांच्या शेवटी, तीही लांब. पुढं यांच्यातल्याच कितीतरी घरांनी हलगी ठेवून पितळ हातात घेतलं. पुण्याच्या प्रभात बँडसारखा मोठ्या शहरातल्या बँडांचा थाट डोळ्यांपुढं होता. कोट चढवला की माणसाकडं बघायची नजर थोडी बदलते, हेही कारण असणार. थोडीच बदलते, ही गोष्ट वेगळी.

आता ते गाणं. ‘भोली सूरत’ हे ‘अलबेला’तलं, आणि ‘अलबेला’ १९५१ चा. त्या वर्षी बीड हे हैदराबाद राज्यात होतं. पोलिस कारवाईला तीन वर्षं झाली होती आणि बाजारात निजामाचा हाली शिक्का अजून चालत होता. सिनेमा जत्रेतल्या तंबूत यायचा. खेळ सुरू व्हायच्या आधी तासभर कर्ण्यावर तबकड्या लागायच्या. तीच जाहिरात आणि तीच घंटा. तंबूत जायला पैसे नसलेल्यांनाही गाणी फुकट ऐकू येत, आणि वाजंत्र्यांची शाळा भरायची ती या कर्ण्याखाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावतं. ते चार दिवस रोज कानावर पडलं की शब्द जातील एक वेळ विसरून, पण मधले पीस पाठ होतात. माझ्या मते ‘अलबेला’ची गाणी बँडवाल्यांनी उचलली ती यासाठीच. तिथं पितळेला काम होतं. ‘शोला जो भडके’त बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन असा मेळ आहे. बासरी-सारंगीचं गाणं बँडवर घेताना ओढाताण होते. हे गाणं जन्मालाच बँड घेऊन आलेलं.

ते जन्माला घालणारा माणूस गोदाकाठचा. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबं, चांगदेवांच्या समाधीचं. तीच गोदावरी पुढं गेवराई आणि माजलगावच्या शिवेवरून वाहते. एका काठाला इंग्रजांचा नगर जिल्हा आणि खाली निजामाचं राज्य, एवढाच काय तो फरक. चितळकर पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडं शास्त्रोक्त गाणं शिकले, १९३५ च्या ‘नागानंद’मध्ये त्यांनी नायकाचं काम करून बघितलं, ते काही जमलं नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला बसले. तिथून भगवान पालव नावाच्या, मारधाडीचे स्वस्त सिनेमे काढणाऱ्या दोस्तानं त्यांना संगीत द्यायला उभं केलं. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून ही जोडी हिंदीत जमली.

संगीतकार म्हणून नाव सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर. एकाच माणसाचे हे दोन अवतार तबकडीवर शेजारी शेजारी छापले जात. १९४७ च्या ‘शहनाई’तलं ‘आना मेरी जान संडे के संडे’ हे गाणं आलं आणि जाणत्या लोकांनी नाकं मुरडली. शास्त्रीय शिकलेल्या माणसानं हा काय चावटपणा चालवलाय, असा सूर होता. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ तर सरळ सरळ कार्मेन मिरांडाच्या ‘चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको’वरून घेतलेलं. ते गाणं १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकी चित्रपटातलं. चोरी म्हणायचं तर म्हणा. पण लता आणि अमीरबाई कर्नाटकींच्या गळ्यात ते ऐकलं की पोर्टो रिको मागं राहतं आणि दोन मैत्रिणींची माजघरातली खुसूरफुसूर ऐकू येते. याच माणसानं १९६३ साली ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल दिली. तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांनी डोळे पुसले. आपल्याकडं एकाच माणसाकडून हसण्याचं आणि रडण्याचं काम घ्यायचं, आणि मोठेपण फक्त रडवण्याबद्दल द्यायचं, असा रिवाजच आहे.

चितळकरांच्या चालीत अमेरिकी बँडवाल्या बेनी गुडमनच्या क्लॅरोनेटचं वळण आहे असं जाणकार सांगतात. पण चाल गुणगुणणं वेगळं आणि पंधरा-वीस वाद्यांत ती वाटून देणं वेगळं. कुठं ट्रम्पेटनं उठायचं, सॅक्सोफोननं खालून काय धरायचं, दोघांच्या मधे गप्प कुणी बसायचं, हे सगळं कागदावर लिहून काढणारा माणूस लागतो. त्याला अ‍ॅरेंजर म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओत त्या काळी हे काम करणारे जवळजवळ सगळे गोव्याचे. कारण साधं होतं. गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, लहानपणीच सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायचे. प्रार्थनेला वाजवता यावं म्हणून शिकवलेली ती अक्षरओळख होती. पोट भरायला तीच पोरं मुंबईला यायची, धोबी तलावाजवळच्या आपापल्या गावच्या कूडमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकायची, आणि पोलिस बँडपासून हॉटेलच्या नाचघरापर्यंत मिळेल तिथं वाजवायची.

त्यातला एक आंतोनियो शावियेर वाझ. जन्म १९१६, गाव हळदोणे. आई लाडानं चिको म्हणायची, त्याचं झालं चिक आणि पुढं रंगमंचासाठी चिक चॉकलेट. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नुसता आवाजच नाही, रुमाल, हसणं, खरखरीत गळा, सगळंच त्यानं आर्मस्ट्राँगच्या तबकड्यांवरून आणि चित्रपटांवरून उचललं होतं. ‘म्युझिक मेकर्स’ हा त्याचा स्वतःचा बँड, आणि कोलंबियाच्या तबकड्यांवर तो नावानिशी आहे. हे महत्त्वाचं, कारण पुढं हाच माणूस सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागं उभा राहिला तेव्हा तबकडीवर चित्रपटाचं, गायकाचं आणि संगीतकाराचं नाव आलं. ट्रम्पेट कुणाचा, मांडणी कुणाची, हे छापायची पद्धतच नव्हती. तसं बघितलं तर गायकांचीही काही बरी गत नव्हती. ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ १९४९ साली बाजारात आलं तेव्हा तबकडीवर गाणारीचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लताबाई भांडून नाव मिळवू शकल्या. ट्रम्पेटवाला कुणाशी भांडणार?

निदान ‘अलबेला’त चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावर दिसतात. सिनेमा काढणाऱ्या भगवानदादांनी, म्हणजे त्याच भगवान पालवांनी, त्यांना कॅमेऱ्यापुढं आणलं, ही त्या माणसाची दिलदारी. पंधरा वर्षांनी, १९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये, भूपिंदर पडद्यावर गातो त्या क्लबच्या गाण्यात चिक पुन्हा ट्रम्पेट घेऊन उभा आहे. पुढच्याच वर्षी तो गेला.

इथं एक प्रश्न उरतो. नाचघरात साहेबलोकांसाठी स्विंग, म्हणजे नाचाचा अमेरिकी जॅझ, वाजवणारी ही मंडळी नेमकी त्याच सुमाराला सिनेमाकडं का वळली? गोरे सोल्जर आणि अधिकारी १९४७ नंतर मायदेशी गेले, म्हणजे अर्धं गिऱ्हाईक गेलं. लाहोर, कराचीची हॉटेलं सीमेपलीकडं राहिली आणि तिथले वादक मुंबईत आले. पुढं शंकर-जयकिशन यांचे अ‍ॅरेंजर म्हणून नावाजलेले सेबास्टियन डिसोझा त्यातलेच. आणि वर मोरारजीभाईंची दारूबंदी. १९४९ चा कायदा झाला, पुढच्या वर्षी संपूर्ण बंदी लागू झाली, आणि क्लबांचे दिवे मंदावले. दारू नाही तर नाच नाही, नाच नाही तर बँड नाही. त्याच वेळी स्टुडिओत रोख पैसे देऊन रोज काम मिळत होतं. ‘अलबेला’ दारूबंदीनंतरच्या वर्षी आला हा योगायोग मला तरी वाटत नाही. गांधीवादी मंत्र्यानं पेले उपडे केले आणि त्यातलं स्विंग मराठवाड्याच्या वरातीत सांडलं. मोरारजीभाईंना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

गोव्याच्या वादकांना नोटेशन मेस्त्रीनं दिलं, पण स्विंग मेस्त्रीनं दिलं नाही. ते आलं ताजमधून. १९३५ च्या अखेरीस लिऑन अ‍ॅबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. अमेरिकेत कितीतरी हॉटेलांत या माणसांना वाजवायला घेत, पण मुख्य दारानं आत सोडत नसत. इथं ते हॉटेलचं आकर्षण होते. अ‍ॅबीनंतर त्याच बँडमधला कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ पुढं झाला (खेळाशी संबंध नाही, नावच तसं). १९३६ साली मुंबईत त्यानं ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट तबकडीवर वाजवला. चाल मीना सायलस या मुंबईकर बगदादी ज्यूची. पियानोवर टेडी वेदरफोर्ड होता. तो पुढं कलकत्त्याला गेला, युद्धाच्या काळात तिथं ढिगानं तबकड्या भरल्या, आणि १९४५ साली तिथंच पटकीनं मेला.

क्रिकेट स्मिथ हा या परंपरेतला मोठा दुवा आहे. १९१३-१४ साली जेम्स रीस युरोप याच्या सोसायटी ऑर्केस्ट्राच्या तबकड्या व्हिक्टर कंपनीनं काढल्या. कृष्णवर्णीय वाद्यवृंदाच्या त्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या, आणि त्यांत कॉर्नेट स्मिथचा आहे. म्हणजे जॅझ हे नावही रुळलं नव्हतं तेव्हापासूनचा माणूस वीस-बावीस वर्षांनी ताजमध्ये गोव्याच्या पोरांना शेजारी बसवून वाजवत होता. त्या पोरांत फ्रँक फर्नांड होता. तो ट्रम्पेटवाला, पुढं सिनेमाचा अ‍ॅरेंजर झाला आणि त्यानं ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. मिकी कोरियाचा बँड तर १९३९ पासून दोन दशकं ताजमध्येच होता. एक वाट ही, शेजारी बसून शिकायची. दुसरी वाट चिक चॉकलेटची, तबकडीवरून. नाथपंथी भाषेत सांगायचं तर एकाला अनुग्रह प्रत्यक्ष झाला, दुसऱ्याला स्वप्नात.

आणि त्या मूळपीठावर तरी कुणाचं नाव कुणाला होतं? ग्लेन मिलरची ‘इन द मूड’ ही स्विंगच्या काळातली बहुधा सगळ्यात गाजलेली तबकडी. १ ऑगस्ट १९३९ ला ती भरली. तिच्यातला जो तुकडा जगाला पाठ आहे, तो १९३० साली विंगी मॅनोन या एका हाताच्या ट्रम्पेटवाल्यानं ‘टार पेपर स्टॉम्प’मध्ये वाजवला होता. पुढच्याच वर्षी फ्लेचर हेंडरसनच्या बँडच्या तबकडीत तो येतो. मग सॅक्सोफोनवादक जो गार्लंडनं त्यावर स्वतःची मांडणी केली, एडगर हेजच्या बँडबरोबर ती १९३८ साली तबकडीवर आली आणि हक्क गार्लंडच्या नावे लागले. गार्लंडनं ती आर्टी शॉला दिली. शॉनं रेडिओवर वाजवली, पण तबकडीच्या एका बाजूत मावेना म्हणून सोडून दिली. मिलरनं कात्री घेतली, लांबण काढून टाकलं आणि जग जिंकलं. खुद्द बेनी गुडमनला स्विंगचा राजा करणाऱ्या मांडण्या फ्लेचर हेंडरसनच्या होत्या. हेंडरसनचा स्वतःचा बँड कर्जात बुडत होता तेव्हा त्यानं त्या गोऱ्या गुडमनला विकल्या. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसच्या पालोमार नाचघरात पोरं वेडी झाली ती त्या मांडण्यांवर.

या सगळ्या तबकड्यांच्या पोटात हिंदुस्थान होताच, हे जाता जाता सांगायला हवं. तबकडी बनायची लाखेपासून, आणि लाख जायची छोटा नागपूरकडच्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरून. १९४२ साली युद्धामुळं लाखेचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकी सरकारनं तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर थेट तीस टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथल्या वादक संघटनेनं मोबदल्यासाठी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो दोन वर्षांहून जास्त चालला. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर तबकडी वाजते, त्यात वादकाला काही मिळत नाही, ही त्यांची तक्रार. ही तक्रार धोबी तलावावर कळली असती तर बऱ्याच जणांनी मान हलवली असती.

परत ‘अलबेला’कडं. गाणी गाजत असतानाच १९५२ मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडं आलं. केसकर मराठी, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. एका मराठी माणसानं बाहेर काढलेली मराठी संगीतकाराची गाणी लोकांनी मग रेडिओ सिलोनवर ऐकली. ज्यांच्याकडं रेडिओ नव्हता त्यांना तंबूचा कर्णा होताच आणि लग्नातला बँड होता. बँड हाच खेड्याचा रेडिओ. गाणं अमुक वाजता लागेल असं नाही, तर कुणाच्या तरी पोरीच्या लग्नात लागेल.

बँडमास्तरांच्या हाती मात्र कागद नव्हता. गोव्याच्या अ‍ॅरेंजरनं ओळींवर टिंबं मांडून लिहिलेला पीस, हलगीच्या घरातला माणूस कानानं उचलायचा. चार ट्रम्पेटांचं काम एकावर आलं, सॅक्सोफोनचं क्लॅरोनेटकडं गेलं, बोंगोच्या जागी साइड ड्रम आला. मराकसचे मात्र खुळखुळे जसेच्या तसे राहिले. क्यूबाच्या नाचगाण्यातून आलेली ती वस्तू अमेरिकी सिनेमात गेली, तिथून मुंबईत, तिथून धारूरच्या घाटात. आणि गंमत अशी की तालाच्या बाबतीत या माणसांना फार शिकावं लागलं नसावं. स्विंगमध्ये एका ठोक्याचे दोन भाग सारखे पडत नाहीत. पहिला लांब आणि दुसरा तोकडा, म्हणजे तिनाच्या हिशेबातला पहिला आणि तिसरा. गोंधळ्याचा संबळ आणि फडावरची ढोलकी तिनाच्या हिशेबात किती पिढ्या चालते आहे! वरातीतल्या ढोलवाल्याची चाल जी लंगडत पुढं जाते, तिच्यात आर्मस्ट्राँगचा अंश किती आणि खंडोबाचा किती, हे वेगळं करून दाखवणारा अजून भेटायचाय.

या गाण्यांना वरातीत अमर केलं ते भगवानदादांच्या पायांनीही. अमरावतीला जन्मलेला, गिरणी कामगाराचा मुलगा. शरीर जाड, पण नाच असा की तो कुणालाही जमावा. गुडघे थोडे वाकवायचे, हात सैल सोडायचे, जागच्या जागी डुलायचं, मधूनच खांदा उडवायचा. नवरदेवाच्या मामाला, मुकादमाला, गुरुजींना, तीन पेले चढलेल्या पाहुण्याला हाच नाच येतो. स्विंगचे अमेरिकी नाचे जोडीदारणीला हवेत भिरकावत. बीडमध्ये भिरकावायला जोडीदारीण नव्हती, बायका मागं नवरीच्या गाडीभोवती. त्यामुळं एकट्या पुरुषाला धुळीत उभ्या उभ्या करता येईल असाच नाच इथं टिकणार होता. दादांच्या वाट्याला मात्र त्यातलं फार उरलं नाही. पुढचे चित्रपट आपटले, जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या आणि २००२ साली दादरच्या चाळीत त्यांनी डोळे मिटले.

नंतरची हकीकत थोडक्यात आटोपते. बेंजो पार्टी आली. ती चार जणांत भागते आणि टेम्पोवर बसून वाजते. मग कास्यो आला, त्यात एक बटण दाबलं की ट्रम्पेटचा आवाज निघतो. त्यानंतर डीजे. रात्री दहाला पोलिसांची गाडी येऊन डीजे बंद करायला लावते, तेव्हा मागवून ठेवलेला बँड पुढं होतो आणि तेवढ्यापुरते पुन्हा जुने दिवस येतात. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. त्याच्या काही गाण्यांचा वाद्यवृंद अजय-अतुल यांनी अमेरिकेत, कल्व्हर सिटीच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. हॉलिवूडचे वादक समोरचा कागद वाचून मराठी चाल वाजवत होते. त्याच्या ऐंशी वर्षं आधी ताजमध्ये जे पीस उतरून घेतले जात होते, त्यांची परतफेड म्हणा हवं तर.

‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ बीडच्या बँडवाल्यांनी मोबाइलवर ऐकून बसवलं. आता सुपारी ठरवताना नवरदेवाचे मित्र ‘झिंगाट’ सांगतात, आजोबा ‘भोली सूरत’ सांगतात, आणि मास्तर दोन्हीला हो म्हणतो. नाचणारे दहा-वीसच्या नोटा नवरदेवावरून ओवाळतात. त्या बहुधा ढोलवाल्याच्या नाहीतर खुळखुळ्याच्या पोराच्या हातात पडतात, कारण ट्रम्पेटवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तोंडही. वरात दारात पोचली की मास्तर त्या सगळ्या नोटा टोपीत गोळा करतो आणि टेम्पोच्या मागं उभं राहून वाटणी करतो. त्याचा स्वतःचा वाटा मोठा, क्लॅरोनेट आणि ट्रम्पेटचा त्याखालोखाल, खुळखुळ्याच्या पोराचा सगळ्यांत लहान. त्यावरून दर वेळी थोडी बाचाबाची होते, आणि मग सगळे दुसऱ्या सुपारीसाठी परळीच्या रस्त्याला लागतात.